अपस्मारात हरवलेला आनंद : तो मेंदूत कुठे अडतो हे ओळखून पुढे काय करावे

अपस्माराचा रुग्ण तपासणीला जातो तेव्हा किती फिट आल्या, किती वेळ टिकल्या, गोळ्या चुकल्या का आणि झोप पुरेशी होते का, हे प्रश्न हमखास विचारले जातात, आणि ते आवश्यकच आहेत. मात्र हल्ली कशात गोडी वाटते का, हा प्रश्न गर्दीच्या ओपीडीत बहुधा राहून जातो. रुग्णही तो विषय आपणहून काढत नाही, कारण मन न लागणे हे आजारात मोडते असे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना वाटतच नाही. नागपुरात आणि एकूणच विदर्भात मिरगी म्हटले की जमिनीवर पडणे, दातखीळ बसणे आणि तोंडाला फेस येणे एवढेच डोळ्यांसमोर येते. फिट आटोक्यात आल्यावरही महिनोन्महिने कशातच रस न वाटणे हा त्याच आजाराचा भाग असू शकतो, हे सांगणारे फार कमी भेटतात. पुढील मार्गदर्शन अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या माणसांसाठी आहे. आनंद गेला एवढ्यावर न थांबता त्याचा नेमका कोणता भाग गेला आणि तो फिटच्या व गोळ्यांच्या संदर्भात केव्हा गेला, हे शोधावे, असा या लेखाचा आग्रह आहे, कारण उपाय बऱ्याच अंशी त्यावरच ठरतो.

आधी नेमके काय हरवले ते पाहावे

वैद्यकशास्त्र या अवस्थेला ॲन्हेडोनिया म्हणते. हे नाव फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी 1896 मध्ये दिले. नैराश्याचे निदान करताना दोन मुख्य लक्षणे पाहिली जातात. त्यांपैकी उदासी हे एक असून रस किंवा आनंद नाहीसा होणे हे दुसरे आहे. या दोहोंपैकी किमान एक लक्षण सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ असावे लागते आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांसारख्या इतर तक्रारीही पाहिल्या जातात. याचा सरळ अर्थ असा की, माणूस रडत नसला, उदास दिसत नसला आणि विचारल्यावर "मी ठीक आहे" असेच सांगत असला तरीही त्याला नैराश्य असू शकते. घरची मंडळी अश्रूंची वाट पाहत राहतात आणि म्हणूनच ही अवस्था त्यांच्या नजरेतून निसटते.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांच्यापैकी साधारण चार-पाच जणांमागे एकाला नैराश्याचा त्रास असतो. गोळ्यांना दाद न देणाऱ्या अपस्मारात हे प्रमाण आणखी वाढते. एवढी ठळक गोष्ट प्रत्येक तपासणीत विचारली जायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

रुग्णाचे बोलणे नीट ऐकले तर आनंदाचे तीन वेगवेगळे भाग त्यातून उलगडतात. पहिला भाग ओढीचा आहे. दर रविवारी सकाळी मित्रांना गोळा करून तर्री पोहे खायला जाणारा माणूस आता बोलावणे आले तरी उठत नाही. मात्र कुणी हात धरून नेलेच, तर चार घास आवडीने खातो. दुसरा भाग प्रत्यक्ष गोडीचा आहे. तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल सजवणारी आजी यंदाही सगळे नीट करते, झूल घालते, माळ बांधते, पण नातू समोर नाचत असतानाही तिच्या मनात काहीच हलत नाही. तिसरा भाग आठवणीचा आणि शिकण्याचा आहे, म्हणजे एखादी गोष्ट आवडली होती हे मेंदूने टिपून ठेवणे आणि पुढच्या वेळी त्या आधारे तिची वाट पाहणे. फुटाळा तलावाच्या काठावर घालवलेली संध्याकाळ त्या वेळी बरी गेली, पण दोन दिवसांनी विचारले तर "काय विशेष होते?" असे उत्तर येते. कोणत्या भागाची तक्रार जास्त आहे हे घरच्यांनी रुग्णाशी शांतपणे बोलून ठरवावे. तिन्ही भाग गेलेले असू शकतात. पण पुष्कळदा एक भाग पुढे आणि बाकीचे मागे असतात.

मेंदूत काय घडते

ही विभागणी केवळ बोलण्याच्या सोयीसाठी केलेली नाही. मेंदूत आनंदाचे एखादे एकटे केंद्र नसून एकमेकांशी जोडलेल्या अनेक भागांचे एक जाळे आहे. मध्यमेंदूतील व्हेंट्रल टेग्मेंटल एरिया या छोट्या भागातील चेतापेशी डोपामिन हे रसायन न्यूक्लियस अक्युम्बन्स या खोलवरच्या भागात आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात पोहोचवतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी 1954 मध्ये उंदरांच्या मेंदूतील काही ठिकाणी विजेच्या तारा बसवल्या, तेव्हा तेथे सौम्य विद्युतप्रवाह मिळावा म्हणून ते उंदीर कळ पुन्हा पुन्हा दाबत राहिले. त्या वेळी आनंदाचे ठिकाण सापडले असे मानले गेले. पुढे मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगांनी हे चित्र बदलले. डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या जिभेवर साखरेचे पाणी टाकले असता त्यांच्या चेहऱ्यावरची गोडीची प्रतिक्रिया पूर्वीसारखीच दिसली, परंतु ते पाणी मिळवण्यासाठी ते स्वतःहून हलेनात. डोपामिन हे मुख्यतः ओढीचे रसायन आहे, तर प्रत्यक्ष गोडीमागे मेंदूतील नैसर्गिक ओपिऑइड, म्हणजे मेंदूतच तयार होणारी अफूसारखी द्रव्ये, आणि तत्सम रसायने जास्त काम करतात, ही समजूत यातून पक्की झाली. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या नोंदींतून तिसरा भाग स्पष्ट झाला. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की डोपामिनच्या पेशी जोरात चेततात, अपेक्षेइतकेच मिळाले की फारशा चेतत नाहीत आणि कमी मिळाले की मंदावतात. याच चढउतारातून मेंदू पुढच्या वेळेची अपेक्षा ठरवायला शिकतो.

आता अपस्मार या जाळ्याला कुठे धक्का लावतो ते पाहू. प्रौढांमध्ये मेंदूच्या एका जागेतून सुरू होणाऱ्या फिट सर्वाधिक प्रमाणात टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागातून येतात. याच भागात हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला हे दोन अवयव आहेत. हिप्पोकॅम्पस अनुभव साठवतो, त्यांना स्थळकाळाशी जोडतो आणि पुढे काय होईल याची कल्पना करायला मदत करतो. शिवाय त्याच्याकडून निघणारे तंतू थेट न्यूक्लियस अक्युम्बन्सपर्यंत जातात आणि डोपामिनचा ओघ कमीजास्त करण्यात भाग घेतात. अमिग्डाला एखाद्या गोष्टीला भावनिक मोल देते. टेम्पोरल लोबच्या जुनाट अपस्मारात हिप्पोकॅम्पस आक्रसून कडक होणे ही एमआरआयमध्ये वारंवार दिसणारी गोष्ट आहे. असा हिप्पोकॅम्पस असलेल्या माणसाला सुखद प्रसंग आठवणे आणि पुढच्या प्रसंगाचे चित्र मनात रंगवणे कठीण जाऊ शकते आणि म्हणून ओढही लागत नाही. अशा माणसाला "तुला कशाची कदर नाही" असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

फिटचा उगम फ्रंटल लोबमध्ये असेल तर चित्र थोडे निराळे दिसते. डोळ्यांच्या वर असणारा ऑर्बिटोफ्रंटल भाग कोणत्या गोष्टीचे किती मोल हे ताडतो आणि त्याच्या आतल्या बाजूचा सिंग्युलेट भाग त्यासाठी कष्ट घेणे परवडेल का याचा हिशेब करतो. हा हिशेब बिघडला की गोष्ट आवडते हे माहीत असूनही तिच्यासाठी उठणे डोंगराएवढे वाटते. विशेष म्हणजे फिटचा उगम टेम्पोरल लोबमध्ये असला तरी फ्रंटल भागही मंदावू शकतो. मेंदूचा साखरवापर मोजणाऱ्या पीईटी तपासणीत, नैराश्य असलेल्या अशा काही रुग्णांमध्ये फ्रंटल भागातील वापर कमी आढळला आहे. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहकाचे (रिसेप्टरचे) प्रमाणही टेम्पोरल लोबच्या अपस्मारात घटलेले दिसते आणि नैराश्य जोडीला असेल तर ते अधिक घटलेले असते. दोन फिटच्या मधल्या काळात ईईजीवर, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखावर, दिसणारे छोटे विद्युत्झटके, ते आवरण्यासाठी मेंदूने सतत लावून धरलेला लगाम, फिटमुळे वाढणारा दाह आणि ताणाच्या कॉर्टिसॉल या संप्रेरकावरील हिप्पोकॅम्पसचे सैल पडलेले नियंत्रण या सगळ्यांचा आनंद हरवण्यात वाटा असू शकतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अपस्माराच्या अगदी मोजक्या रुग्णांना फिटच्या सुरुवातीला अतीव आनंदाची, सगळे स्पष्ट झाल्याची अनुभूती येते आणि अशा फिटचा संबंध मेंदूच्या इन्सुला नावाच्या घडीतील पुढच्या भागाशी जोडला गेला आहे. एका बाजूला काही क्षणांचा विलक्षण आनंद आणि दुसऱ्या बाजूला महिनोन्महिन्यांची निरसता ही दोन्ही टोके एकाच आजारात सापडतात, हे आनंदाला मेंदूचा आधार असल्याचे ठळक उदाहरण आहे.

मिरगी झाली म्हणून माणूस खचला, एवढेच हे नाते नाही. नैराश्य आधी येऊन अपस्मार नंतर सुरू झाल्याचीही पुष्कळ उदाहरणे आहेत आणि लोकसंख्येवर आधारित अभ्यासांतही नैराश्याचा इतिहास असलेल्यांना अपस्मार होण्याची शक्यता अधिक दिसते. दोहोंच्या मुळाशी असलेले मेंदूतील बिघाड काही अंशी सामाईक असावेत, असे त्यावरून मानले जाते. समाजाची हेटाळणी, नोकरीची चिंता आणि पुढची फिट केव्हा येईल याची धास्ती यांचा भार अर्थातच खरा आहे. पण केवळ त्यांच्याकडे बोट दाखवले की वैद्यकीय उपाय मागे पडतात.

चार आठवड्यांची नोंदवही

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे एक साधी वही. तिच्यात रोज रात्री पुढील गोष्टी लिहाव्यात: फिट आली का आणि किती वाजता आली, झोप किती तास झाली, गोळी चुकली किंवा बदलली का, आणि दिवसातील एखाद्या ठरवलेल्या गोष्टीबद्दल आधी किती आनंद अपेक्षित होता व प्रत्यक्षात किती मिळाला, याचे 0 ते 10 मधील दोन आकडे. स्त्रियांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात, कारण काही जणींच्या फिट आणि मनःस्थिती दोन्ही पाळीच्या चक्रासोबत बदलतात. लिहिणे जड जात असेल तर घरातील एकाच व्यक्तीने रोज विचारून लिहावे. माणसे बदलली की नोंदींचे माप बदलते.

चार आठवड्यांनी वही समोर ठेवून पाहावे की मनाचा हा कोरडेपणा फिटच्या आधी येतो, नंतर येतो की कायम असतो. काही जणांना फिटच्या आधी काही तास किंवा एखादा दिवस चिडचिड आणि निरसता जाणवते. फिटनंतरचा कोरडेपणाही पुष्कळ जणांत आढळतो. गोळ्यांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या 100 रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 43 जणांना फिटनंतर नैराश्याची लक्षणे येत होती आणि ती साधारणपणे एक दिवस टिकत होती. फिटच्या वेळी मेंदूतील नैसर्गिक ओपिऑइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतात आणि त्यानंतर त्या यंत्रणेत जे फेरबदल होतात, त्यांचा या कोरडेपणाशी संबंध असावा असे मानले जाते. महिन्यात अनेक फिट येत असतील तर असे दिवस एकमेकांना लागून येतात आणि माणूस कायमच विझलेला दिसतो. अशा वेळी पहिला उपाय फिट कमी करण्याचा असतो, मनाच्या गोळ्यांचा क्रम त्यानंतर लागतो.

येथे एक सावधगिरी हवी. फिट म्हणजे केवळ पडून झटके येणे नव्हे. काही सेकंद शून्यात पाहणे, ओठ चाटणे, हाताने कपडे चाचपणे, किंवा सकाळी जीभ चावलेली आणि अंग दुखत असलेले आढळणे ही न कळलेल्या फिटची खूण असू शकते. ज्यांच्या वहीत फिट शून्य आहेत पण निरसता लाटेसारखी येते आणि जाते, त्यांच्या घरच्यांनी अशा खुणांवर लक्ष ठेवावे आणि शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे.

गोळ्यांकडे पाहताना

निरसता एखादी गोळी सुरू झाल्यानंतर किंवा तिची मात्रा वाढवल्यानंतर काही आठवड्यांत आली असेल, तर ती तारीख वहीत ठळक लिहावी. फेनोबार्बिटोन, टोपिरामेट, झोनिसामाइड आणि पेरॅम्पॅनेल यांनी काही रुग्णांचे मन खालावते किंवा चिडचिड वाढते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या लेव्हेटिरॅसिटॅमबद्दलही हीच काळजी घ्यावी लागते. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना हा धोका अधिक असतो. याउलट लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन यांचा मनःस्थितीवर सहसा अनुकूल परिणाम होतो, मात्र मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना व्हॅल्प्रोएट देताना गर्भावरील दुष्परिणामांमुळे फार विचार करावा लागतो. एकाच गोळीने एकाचे मन खालावते आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावरून निर्णय घेऊ नये.

कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. अचानक बंद केल्यास फिटमागून फिट येऊन जीवावर बेतू शकते. डॉक्टरांना एवढेच विचारावे की ही गोळी मनावर परिणाम करत असेल का आणि तिची मात्रा हळूहळू बदलता येईल का. त्याच भेटीत रक्ताच्या काही तपासण्यांबद्दलही बोलावे. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातील सोडियम घटू शकते आणि त्यातून ग्लानी व मंदपणा येतो. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन यांनी व्हिटॅमिन डी घटू शकते, तसेच लैंगिक संप्रेरकांवर परिणाम होऊन कामेच्छा कमी होऊ शकते, आणि ही तक्रार तर नवरा-बायकोही एकमेकांपाशी काढत नाहीत. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि विशेषतः शाकाहारी माणसांत व्हिटॅमिन बी 12 हेही पाहून घ्यावे.

नागपुरात कुणाकडे आणि काय सांगावे

सरकारी व्यवस्थेत मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि त्याच्याशी जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधील एम्स आणि केवळ मानसिक आजारांसाठी असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय ही ठिकाणे शहरातच आहेत. मेंदूविकारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांनी एकमेकांचे कागद पाहावेत यासाठी रुग्णालाच थोडी खटपट करावी लागते. सर्व गोळ्यांची यादी, ईईजी आणि एमआरआयचे अहवाल आणि ही नोंदवही एकाच पिशवीत ठेवून दोन्हीकडे न्यावी. खोलीत वेळ कमी मिळतो, म्हणून पहिले वाक्य घरूनच ठरवून जावे. "मन नाही लागत" एवढे म्हटल्यास ते सहज दुर्लक्षित होते. त्याऐवजी "मागच्या चार आठवड्यांत मला आवडणाऱ्या कशातही रस वाटला नाही, फिटनंतर दोन दिवस ते वाढते आणि गोळी वाढवल्यानंतर ते सुरू झाले" असे सांगितल्यास डॉक्टरांना लगेच दिशा मिळते.

अपस्माराच्या रुग्णांसाठी खास तयार केलेली सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी 2006 पासून जगभर वापरली जाते. नैराश्याच्या इतर प्रश्नावल्यांत थकवा, विसराळूपणा आणि झोप यांचेही गुण धरले जातात, पण हीच लक्षणे अपस्माराच्या गोळ्यांनीही येतात. म्हणून या चाचणीत ती वगळली आहेत आणि कशात आनंद मिळणे कठीण जाते का, हा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. अशी चाचणी करता येईल का, हे विनासंकोच विचारावे.

मनाच्या गोळ्यांनी फिट वाढतात, ही भीती घरोघरी आहे आणि काही वेळा तिच्यामुळे डॉक्टरही हात आखडता घेतात. सर्ट्रालिन, सिटालोप्रॅम, एस्सिटालोप्रॅम यांसारखी औषधे नेहमीच्या मात्रेत अपस्मारातही सुरक्षित मानली जातात आणि तीच पहिली निवड असते. ब्युप्रोपिऑन, क्लोमिप्रॅमिन आणि मॅप्रोटिलिन यांच्याबाबत मात्र भीती रास्त आहे आणि ती सहसा टाळली जातात. म्हणून आपल्याला अपस्मार आहे हे प्रत्येक डॉक्टरला आणि औषध दुकानदाराला आधी सांगावे.

घरी करायचे काम

ओढ परत येईल तेव्हा उठू, असे म्हणून बसले तर ती येत नाही, कारण ओढ निर्माण करणारी यंत्रणा आधीच्या कृतीच्या फळावर चालते. म्हणून कृती आधी आणि इच्छा नंतर, असा उलटा क्रम लावावा लागतो. नैराश्याच्या उपचारात या पद्धतीला चांगला आधार आहे. आठवड्यासाठी फक्त दोन गोष्टी निवडाव्यात, एक पूर्वी आवडणारी आणि दुसरी कुणाच्या तरी सोबतीने करायची. ती इतकी लहान करावी की फारच वाईट दिवशीही करता येईल: पूर्ण भजन नव्हे तर पेटीवर दहा मिनिटे, सगळी बाग नव्हे तर एक कुंडी, मित्रांचा कट्टा नव्हे तर एका मित्रासोबत एक चहा. दिवस आणि वेळ पक्की करावी, आणि फिट आलेला दिवस व त्याचा दुसरा दिवस त्यातून वगळावा, कारण त्या काळात शून्य मिळालेले आकडे निष्कारण निराश करतात.

आता वहीतील दोन आकडे कामाला येतात. आधी अपेक्षा 1 लिहिली आणि प्रत्यक्षात 4 मिळाले, असे पुन्हा पुन्हा होत असेल तर गोडी शाबूत असून ओढ अडली आहे असे समजावे, आणि अशा माणसाला घरच्यांनी हळुवारपणे पण नेमाने बाहेर काढावे. अपेक्षा आणि अनुभव दोन्ही अनेक आठवडे 0 किंवा 1 वरच राहिले तर घरच्या प्रयत्नांवर अवलंबून न राहता मनोविकारतज्ज्ञांची भेट लवकर घ्यावी. अनुभवाचा आकडा बरा असूनही तो लक्षातच राहत नसेल, तर त्याच संध्याकाळी एक ओळ लिहावी किंवा एक फोटो काढावा आणि पुढच्या वेळी निघण्याआधी तो पाहावा. दुखावलेल्या हिप्पोकॅम्पसकडून जे काम होत नाही त्याला बाहेरून दिलेला हा टेकू आहे.

नागपूरच्या हवामानाचा विचार या वेळापत्रकात करावाच लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, नवतपाच्या, म्हणजे सर्वाधिक उष्ण मानल्या जाणाऱ्या नऊ दिवसांच्या, रात्री झोप लागत नाही, आणि मोडलेली झोप ही फिट येण्याचे एक प्रमुख कारण आहे. उन्हाळ्यात फिरणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर ठेवावे; तेलंगखेडी उद्यान किंवा अंबाझरीचा परिसर त्यासाठी चांगला आहे, मात्र पाण्याच्या अगदी कडेला एकट्याने बसू नये आणि सोबतीशिवाय पोहू तर नयेच. नियमित चालण्याचा मनाला उपयोग होतो. गाडी चालवण्यावरील बंधन रुग्णाला घरात कोंडते, म्हणून मेट्रोने किंवा ‘आपली बस’ या शहर बससेवेने जाता येतील अशीच ठिकाणे निवडावीत. उपवास असला तरी गोळी चुकवू नये आणि जागरण टाळावे. जागरणाच्या कार्यक्रमाला जायचेच असेल तर संध्याकाळी थोडा वेळ बसून परत यावे.

घरच्यांनी दोन सवयी सोडणे आवश्यक आहे. पहिली दोष देण्याची: "आळस झटक", "एवढे सगळे आहे तरी तोंड वाकडे" ही वाक्ये रुग्णाला आणखी आत ढकलतात. त्याऐवजी "चल रे, दहा मिनिटे गच्चीवर बसू, मग तुला वाटले तर खाली येऊ" असे सोबतीचे आणि मुदतीचे बोलणे उपयोगी पडते. दुसरी सवय जपण्याची आहे आणि ती प्रेमातून येते, म्हणून सोडायला अधिक कठीण जाते. फिट येईल म्हणून मुलीला मैत्रिणीकडे जाऊ न देणे, मुलाला दुकानात बसू न देणे, लग्नकार्यात नेण्याचे टाळणे यातून आनंदाचे सगळे स्रोत एकेक करून बंद होतात, आणि मेंदूला शिकायला काही उरतच नाही. लग्नाच्या बाबतीत तर कायदाही स्पष्ट झाला आहे: 1999 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्मार हे लग्नातील बाधेचे कारण काढून टाकले आहे. तरीही आजार लपवून लग्न लावू नये. लपवलेल्या गोळ्या चुकतात आणि लपवलेले दुःख उपचारापर्यंत पोहोचत नाही.

कोणत्या वेळी थांबू नये

जगण्यात अर्थ नाही, आपण ओझे आहोत, झोपेतच संपून जावे, असे बोलणे आले की ते गंभीर मानावे. आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2008 मध्ये अपस्माराच्या औषधांबाबत असे विचार वाढण्याची सूचना दिली होती. हा धोका थोड्यांनाच असतो आणि औषध अचानक सोडण्याचा धोका त्याहून मोठा आहे, पण नवी गोळी सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून राहावे. गोळ्यांचा मोठा साठा रुग्णाच्या हाताशी ठेवू नये. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तातडीच्या प्रसंगी 112 लावावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात सरळ न्यावे.

शस्त्रक्रियेने फिट थांबलेल्या रुग्णांच्या घरच्यांना हे आधी सांगितलेले असावे की, टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांत, फिट पूर्ण थांबलेल्या असतानाही, मन खालावू शकते. बहुतेकांत ते हळूहळू सावरते. तरी शस्त्रक्रियेआधीच मनोविकारतज्ज्ञांची एक भेट आणि नंतरच्या भेटींच्या तारखा ठरवून घ्याव्यात.

उपचार सुरू झाल्यावर वही बंद करू नये. मनाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि अनेकांत आधी झोप, चिडचिड व उदासी सुधारते, रस मात्र मागाहून परत येतो. उदासी गेली, पण आकडे खालीच राहिले, किंवा सगळ्याच भावना बोथट झाल्यासारखे वाटू लागले, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण सर्ट्रालिनच्या गटातील औषधांनी काही जणांत असा बोथटपणा येतो आणि मात्रा कमी करून किंवा औषध बदलून तो घालवता येतो. त्या भेटीला जाताना उपचारापूर्वीची चार पाने आणि अलीकडची चार पाने शेजारी शेजारी उघडून दाखवावीत.